इंटरनेटच्या वेगाचा हिशेब: मेगाबिटांपासून मिनिटांपर्यंत

इंटरनेटच्या जोडणीचा वेग बिटांमध्ये सांगितला जातो, फाइलचा आकार मात्र बाइटांमध्ये दाखवला जातो आणि या दोहोंमध्ये आठपट अंतर आहे. एवढी एकच गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे गुहागरचा एखादा होमस्टेचालक ‘शंभर एमबी’ची जोडणी घेतो, त्याच्याकडे उतरलेला पाहुणा शंभर एमबीची फाइल उतरवायला बसतो, ती एका सेकंदात येईल अशी दोघांचीही समजूत असते, प्रत्यक्षात आठ-दहा सेकंद लागतात आणि दोघेही केबलवाल्याच्या नावाने बोटे मोडतात. त्या बिचाऱ्याने ठरल्याप्रमाणे पूर्ण वेग दिलेला असतो.

होमस्टे, आंबा-काजूची बाग, छायाचित्रण किंवा ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र अशा कामांसाठी ज्यांना प्रथमच जोडणी निवडायची आहे, किंवा असलेली जोडणी तपासायची आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब पुढे क्रमाने मांडला आहे. त्यासाठी गुणाकार व भागाकार एवढेच गणित लागते आणि मोबाइलमधील कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी एकक ओळखावे

बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक खूण. अशा आठ खुणांचा एक बाइट होतो. तारेतून किंवा हवेतून माहिती पाठवताना या खुणा मोजल्या जातात, म्हणून दूरसंचार क्षेत्राने वेग पहिल्यापासून बिटांत मोजला. संगणक मात्र माहिती साठवताना ती बाइटांच्या गठ्ठ्यांत साठवतो, म्हणून फाइल, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांचे आकार बाइटांत आले. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. घोळ होतो तो त्यांची संक्षिप्त रूपे जवळजवळ सारखी असल्यामुळे.

इंग्रजीत लिहिताना बिटसाठी लहान लिपीतील ‘बी’ आणि बाइटसाठी मोठ्या लिपीतील ‘बी’ वापरण्याचा संकेत आहे. जाहिरातींचे फलक रंगवणारे तो नेहमीच पाळतात असे नाही आणि बोलताना तर दोन्हींचे ‘एमबी’ होते. म्हणून या लेखात मेगाबिट आणि मेगाबाइट हे शब्द पूर्ण लिहिले आहेत. ‘एमबीपीएस’ असे जेथे येईल तेथे दर सेकंदाला इतके मेगाबिट, असाच अर्थ घ्यावा; ‘केबीपीएस’ आणि ‘जीबीपीएस’ म्हणजे तसेच किलोबिट आणि गिगाबिट. जोडणी घेताना विक्रेत्यालाही हाच प्रश्न स्पष्ट विचारावा.

समोर दिसणारा आकडा कोणत्या एककातील आहे, हे बहुतेक वेळा तो कोठे दिसतो यावरून कळते. प्लॅनची जाहिरात, वेग तपासणारी संकेतस्थळे, दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे मायस्पीड ॲप आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील नेटवर्कचा आलेख हे सर्व बिटांत बोलतात. ब्राउझरमध्ये फाइल उतरत असताना दिसणारा वेग, मोबाइलच्या वरच्या पट्टीत सतत बदलणारा लहानसा आकडा आणि विंडोजमधील फाइल कॉपी करण्याची खिडकी हे सहसा बाइटांत दाखवतात. थोडक्यात, जोडणीविषयी बोलणारा आकडा बिटांचा आणि फाइलविषयी बोलणारा आकडा बाइटांचा, असे धरून चालल्यास क्वचितच चूक होते.

आठाने भागावे, पण आधी पायरी जुळवावी

बिटांच्या वेगावरून बाइटांचा वेग काढण्यासाठी आठाने भागावे आणि उलट जायचे असल्यास आठाने गुणावे. ४० एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला ५ मेगाबाइट, १०० एमबीपीएसच्या जोडणीतून १२.५ मेगाबाइट आणि १ जीबीपीएसच्या जोडणीतून १२५ मेगाबाइट माहिती येऊ शकते.

शेवटच्या उदाहरणात एक पायरी अधिक आहे. १,००० किलोबिटांचा एक मेगाबिट आणि १,००० मेगाबिटांचा एक गिगाबिट होतो. त्यामुळे प्रथम १ गिगाबिटचे १,००० मेगाबिट करावेत आणि मग आठाने भागावे. नवख्या माणसाने ही दोन कामे एकदम करू नयेत. पायरी बदलणे हे हजाराचे काम आहे आणि बिटांचे बाइट करणे हे आठाचे. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहून केल्यास शून्ये इकडची तिकडे होत नाहीत.

कमी वेगांचाही हिशेब करून पाहावा, कारण खरी अडचण तेथेच भासते. मोबाइलच्या अनेक प्लॅनमध्ये दिवसाचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. आठाने भागल्यास तो सेकंदाला ८ किलोबाइट होतो. मोबाइलवर काढलेले छायाचित्र ४ मेगाबाइटचे, म्हणजे ४,००० किलोबाइटचे असेल, तर ते मूळ आकारात पाठवण्यास ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद लागतील. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी घराघरांत आलेला टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम ५६ केबीपीएसचा होता. डेटा संपल्यानंतर आपल्या हाती राहतो तो जवळपास तोच वेग. अशा वेळी मजकुराचे निरोप जातात, पण वेंगुर्ल्याच्या बंदरावरून कोणी व्हिडिओ कॉल लावायचा प्रयत्न करू नये.

सरकारी व्याख्येतही हाच हिशेब उपयोगी पडतो. जोडणीला ‘ब्रॉडबँड’ म्हणण्यासाठी पूर्वी किमान ५१२ केबीपीएस एवढा डाउनलोडचा वेग पुरेसा होता. २०२३ साली ही किमान मर्यादा २ एमबीपीएस करण्यात आली. बाइटांत सांगायचे तर सेकंदाला ६४ किलोबाइटवरून ती २५० किलोबाइटवर गेली. हा कायद्याने ठरवलेला तळ आहे, सोय नव्हे.

वेगावरून वेळ काढावा

जोडणी घेणाऱ्याला खरे तर वेग नको असतो. आपले काम किती वेळात होईल हे त्याला हवे असते. म्हणून माझ्या मते प्रत्येक हिशेब मिनिटांपर्यंत नेल्याशिवाय सोडू नये. रीत अशी: फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये लिहावा, त्याला आठाने गुणून मेगाबिट करावेत, त्यांना जोडणीच्या एमबीपीएसने भागावे. जे उत्तर येते ते सेकंद. साठाने भागले की मिनिटे.

देवगडच्या एका बागायतदाराला आंबा काढणीचा १५० मेगाबाइटचा व्हिडिओ पुण्यातील ग्राहकाला पाठवायचा आहे असे समजू. १५० गुणिले ८ म्हणजे १,२०० मेगाबिट. वेग तपासला असता डाउनलोड २५ आणि अपलोड ३ एमबीपीएस असे दोन आकडे दिसले. पाठवण्याच्या कामाला अपलोडचाच आकडा लागतो. म्हणून १,२०० भागिले ३ म्हणजे ४०० सेकंद, अर्थात ६ मिनिटे ४० सेकंद. त्याने चुकून २५ हा आकडा घेतला असता तर उत्तर ४८ सेकंद आले असते आणि मग व्हिडिओ ‘अडकला’ असे समजून त्याने तो मध्येच रद्द करून पुन्हा पाठवायला घेतला असता. हे फार वेळा घडते. मोबाइल नेटवर्कवर अपलोडचा वेग डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो आणि फायबरच्या काही प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे असतात. ज्याला माल दाखवायचा, छायाचित्रे पाठवायची किंवा वर्ग घ्यायचे आहेत, त्याने प्लॅन निवडताना अपलोडचा आकडा आधी विचारावा.

होमस्टेसाठी हिशेब उलट बाजूने करावा लागतो. स्वच्छ, पूर्ण एचडी चित्रपट पाहण्यासाठी एका पडद्याला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. चार खोल्यांत एकाच वेळी चार पडदे सुरू असतील तर २० एमबीपीएस लागतील आणि त्यावर पाहुण्यांचे मोबाइल, पार्श्वभूमीत चालणारे ॲपचे अपडेट, घरातील कॅमेरे हे सर्व येते. अशा घराला ४० एमबीपीएसची जोडणी व्यवस्थित पुरते. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेण्यापूर्वी मालकाने एवढा हिशेब कागदावर करावा, म्हणजे पैसे कोठे वाचतात ते दिसेल.

दहाने भागण्याची सवय

आठाने भागून येणारा आकडा ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात तेवढा वेग मिळत नाही. याचे एक कारण सर्वत्र सारखे आहे. माहिती लहान लहान पाकिटांतून जाते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता व तपासणीच्या खुणा असतात. १,५०० बाइटच्या नेहमीच्या पाकिटात सुमारे ४० बाइट पत्त्यांसाठी जातात, प्रत्यक्ष माहिती १,४६० बाइटच उरते आणि पाकीट केबलवर चढताना त्याला आणखी ३८ बाइटांचे वेष्टन व मोकळी जागा लागते. म्हणजे १,५३८ बाइटांमागे १,४६० बाइट आपल्या कामाचे. १०० एमबीपीएसच्या तारेतून म्हणून उत्तम परिस्थितीतही ९५ एमबीपीएसच्या आसपासच माहिती येते.

दुसरे कारण गर्दीचे. गणपतीत चाकरमानी गावी आले की जो टॉवर एरवी दोन वाड्यांना पुरतो, त्याच टॉवरवर चार-पाचपट मोबाइल येतात आणि आरतीच्या वेळी सगळेच व्हिडिओ पाठवू लागतात. टॉवरची क्षमता तेवढीच राहते, वाटेकरी वाढतात. शिमग्यालाही तेच. पावसाळ्यात वेग कमी होतो याचा दोष लोक पावसाला देतात, परंतु फोर-जीच्या लहरींना पावसाच्या सरींनी फारसे काही होत नाही. वीज जाऊन टॉवरची बॅटरी उतरणे आणि झाड पडून केबल तुटणे ही कारणे बहुधा अधिक खरी असतात.

हे सगळे लक्षात घेता, अंदाज बांधताना जाहिरातीतील आकड्याला आठाऐवजी दहाने भागावे. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १० मेगाबाइट, ४० एमबीपीएस म्हणजे ४ मेगाबाइट. भागाकार तोंडी होतो आणि पाचवा हिस्सा गळतीसाठी आपोआप बाजूला पडतो. ४० एमबीपीएसवर १.५ गिगाबाइटचा चित्रपट उतरवण्यास आठाच्या हिशेबाने ५ मिनिटे येतात, दहाच्या हिशेबाने ६ मिनिटे १५ सेकंद. दुसरे उत्तर सत्याच्या अधिक जवळ असते. मात्र वेग स्वतः तपासून मिळालेला आकडा हाती असेल, तर आठानेच भागावे, कारण त्या आकड्यातून गळती बरीचशी आधीच वजा झालेली असते.

९४ चा आकडा आणि चिऱ्याच्या भिंती

वेग तपासताना एक आकडा विशेष ओळखून ठेवावा. प्लॅन १५० किंवा २०० एमबीपीएसचा असूनही प्रत्येक वेळी ९३ ते ९५ च्या दरम्यानच वेग मिळत असेल, तर वाटेत कोठेतरी १०० एमबीपीएसची अडवणूक आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. राउटरचे पोर्ट जुन्या पद्धतीचे असेल किंवा केबलमध्ये बिघाड असेल. गिगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एखादी जोडी निकामी झाली की अनेक उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात आणि जोडणी चालू राहिल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. समुद्राजवळच्या घरांत केबलच्या टोकाच्या पिनांवर खाऱ्या हवेने हिरवट थर धरतो. टोक काढून उजेडात पाहावे. थर दिसला तर पुसत बसण्यापेक्षा ते टोक कापून नवे बसवून घ्यावे. खर्च किरकोळ असतो.

वाय-फायचा वेग ही निराळी गोष्ट आहे. लॅपटॉपवर ‘लिंक स्पीड’ म्हणून ७२, १५०, ३०० किंवा ४३३ असे जे आकडे दिसतात, ते लॅपटॉप आणि राउटर यांच्यातील कमाल दर असतात. हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास लागले तरी ठीक मानावे. त्यातून आपल्याकडची घरे जांभ्या चिऱ्याची. त्या जाड भिंतींमधून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी लवकर दमतात, २.४ गिगाहर्ट्झच्या थोड्या पुढे जातात, पण त्यांचा वेग मुळात कमी असतो. म्हणून जोडणीला दोष देण्यापूर्वी लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावून वेग मोजावा, नंतर माजघरात आणि शेवटी पडवीत मोजावा. तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले की गळती कोणाकडे आहे ते कळते.

हजार की एक हजार चोवीस

येथवर किलो म्हणजे १,००० असे धरले आणि वेगाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. साठवणुकीत मात्र संगणक दोनाच्या घातांनी मोजतो आणि दोनाचा दहावा घात १,०२४ होतो. विंडोज आजही १,०२४ च्या हिशेबाने मोजून त्याला मेगाबाइट, गिगाबाइट अशीच नावे देते. ॲपलच्या संगणकांनी २००९ पासून हजाराची पद्धत धरली. हा गोंधळ मिटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ साली १,०२४ च्या पायऱ्यांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली, पण बाजारात ती फारशी रुळली नाहीत.

व्यवहारात परिणाम एवढाच होतो की १ टेराबाइटची, म्हणजे हजाराच्या हिशेबाने १,००० गिगाबाइटची, नवी हार्ड डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइटची दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते. किलोच्या पायरीवर दोन पद्धतींत सुमारे २.४ टक्के, मेगाच्या पायरीवर ४.९, गिगाच्या ७.४ आणि टेराच्या पायरीवर जवळपास १० टक्के फरक पडतो. १०० एमबीपीएसचे विंडोजच्या पद्धतीने सेकंदाला १२.५ ऐवजी ११.९ येतात. इंटरनेटच्या रोजच्या अंदाजात हा फरक सोडून द्यावा. दहाने भागण्यात तो केव्हाच सामावला गेला आहे.

पेन ड्राइव्ह, कार्ड आणि कॅमेरा

यूएसबीचा वेगही बिटांतच सांगतात. यूएसबी २.० चे ४८० एमबीपीएस म्हणजे कागदावर सेकंदाला ६० मेगाबाइट, प्रत्यक्षात ३० ते ४०. यूएसबी ३.० चा वेग ५ जीबीपीएस असतो, पण तेथे आठाने भागून ६२५ म्हणू नये. त्या पद्धतीत माहितीचे प्रत्येक आठ बिट तारेवरून दहा बिटांच्या रूपात पाठवले जातात, त्यामुळे कमाल वेग सेकंदाला ५०० मेगाबाइटच होतो. दहाने भागणे हा येथे अंदाज नसून नेमका हिशेब आहे.

मेमरी कार्डावर मात्र बाइट छापलेले असतात. ‘क्लास १०’ म्हणजे लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला १० मेगाबाइट आणि ‘व्ही ३०’ म्हणजे ३० मेगाबाइट. तारकर्लीला पाण्याखालचे चित्रीकरण करणाऱ्याचा कॅमेरा १०० एमबीपीएसने नोंद करत असेल, तर कार्डावर सेकंदाला १२.५ मेगाबाइट लिहिले जातात. ‘क्लास १०’ची हमी तेथे अपुरी पडते, ‘व्ही ३०’ची निर्धास्त पुरते आणि त्याहून महाग कार्डाची गरज नसते. ३२ गिगाबाइटचे कार्ड, म्हणजे २,५६,००० मेगाबिट, या वेगाने ४२ मिनिटे ४० सेकंदांत भरते. पाण्यात उतरण्यापूर्वी हा आकडा ठाऊक असलेला बरा.

वेगावरून महिन्याचा डेटा

वेग आणि वेळ यांचा गुणाकार केला की वापरलेला डेटा मिळतो. दिवसाला १.५ गिगाबाइट देणाऱ्या मोबाइल प्लॅनमध्ये १२,००० मेगाबिट असतात. २० एमबीपीएसच्या पूर्ण वेगाने फाइल उतरवली, तर दिवसाचा वाटा १० मिनिटांत संपतो.

सीसीटीव्हीचा हिशेब अधिक काळजीपूर्वक करावा, कारण कॅमेरा थांबत नाही. २ एमबीपीएसने सतत नोंद करणारा एक कॅमेरा दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत २१.६ गिगाबाइट आणि ३० दिवसांत ६४८ गिगाबाइट जागा घेतो. काजूच्या कारखान्यात असे दोन कॅमेरे असतील, तर १ टेराबाइटच्या डिस्कवर महिन्याची नोंद मावणार नाही. साधारण २३ दिवसांनंतर जुनी नोंद पुसली जाऊ लागेल. हीच नोंद बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायची झाल्यास ती अपलोडमधून जाते आणि प्लॅनच्या मर्यादेतही मोजली जाते. अमर्याद म्हणवणाऱ्या कित्येक घरगुती प्लॅनना महिन्याला ३,३०० गिगाबाइटची मर्यादा असते, ती तळटीपेत शोधावी.

डिस्क पाठवावी की फाइल

मोठ्या कामात शेवटी हाच प्रश्न उभा राहतो. एका लग्नाचे १ टेराबाइट चित्रीकरण कुडाळहून मुंबईच्या संकलकाकडे पाठवायचे आहे आणि अपलोडचा वेग १० एमबीपीएस आहे. ८० लाख मेगाबिट भागिले १० म्हणजे ८ लाख सेकंद, अर्थात सव्वानऊ दिवस, तेही वीज आणि नेट एकदाही न जाता. तीच डिस्क घेऊन कोणी रात्रीच्या कोकणकन्येने निघाले आणि दारापासून दारापर्यंत दहा तास धरले, तर हिशेबाने हा वेग २२२ एमबीपीएस होतो. डिस्कवर आधी नक्कल काढण्याचा वेळ मात्र विसरू नये: सेकंदाला १०० मेगाबाइटने १ टेराबाइट उतरवण्यास पावणेतीन तास लागतात.

सीमारेषा कोठे, हेही काढता येते. दहा तासांत १० एमबीपीएसने ४५ गिगाबाइट जातात. काम त्याहून लहान असेल, तर रात्री अपलोडला लावून झोपावे. मोठे असेल आणि कोणी मुंबईला निघालेच असेल, तर डिस्क त्याच्याजवळ द्यावी आणि मूळ प्रत आपल्याकडे ठेवावी.